‘आई, मी सोडलं तर बाबा रागावतील का?’

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यातले, कापूस-तुरीचं कोरडवाहू शेत आहे. माझी मुलगी सहावीत आहे, वय ११. शाळेतल्या सरांनी तिचं अंग लवचिक पाहून चार वर्षांपूर्वी जिम्नॅस्टिक्सला लावायला सांगितलं. क्लास शहरात आहे, एसटीने तासभर लागतो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मीच तिला घेऊन जाते. आठवड्यातून सहा दिवस, साडेचार ते सात. घरी यायला आठ-साडेआठ होतात. मागच्या वर्षी ती १४ वर्षांखालच्या गटात राज्यापर्यंत गेली. गावात बॅनर लागला, ग्रामपंचायतीत सत्कार झाला.

दिवाळीपासून तिचं बिनसलं आहे. बीमवर, म्हणजे त्या उंच अरुंद दांडीवर, बॅक वॉकओव्हर (मागे वाकून, हात टेकून उलटं होणं) आधी सहज करायची, ती आता करतच नाही. हात वर करते, उभी राहते आणि उतरून जाते. उजवं मनगट दुखतं म्हणते. सर म्हणतात, नाटक करते, लाड करू नका. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करून वहीत लिहितात. वजन वाढलं म्हणून रात्रीची भाकर बंद करायला सांगितलं आहे. पालकांनी आत बसायचं नाही असा नियम केला, म्हणून मी बाहेर पायरीवर बसते. आता सर म्हणतात, जूनपासून शहरातच ठेवा. ते चार-पाच मुलींसाठी खोली घेणार आहेत, सकाळ-संध्याकाळ सराव होईल, नाहीतर पोरगी वाया जाईल.

स्पर्धांच्या खर्चासाठी तिच्या बाबांनी बकऱ्या विकल्या, भावाकडून उसने घेतले. ते म्हणतात, ‘एवढं केलं, आता काहून मांगं फिरायचं?’ सासूबाई म्हणतात, पोरगी मोठी होऊन राहिली, तसले कपडे घालून चार लोकांसमोर नको. लहान मुलगा आठ वर्षांचा आहे, तो रोज संध्याकाळी आजीजवळ असतो. परवा रात्री पोरीनं विचारलं, ‘आई, मी सोडलं तर बाबा रागावतील का?’ मला काही बोलता आलं नाही. सोडवू की ठेवू?

– गौरीची आई (नाव बदललं आहे)

उत्तर

ताई, सोडवायचं की ठेवायचं हे आज ठरवू नका. आज एवढंच ठरवा की या आठवड्यात मनगट हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि ते दाखवून होईपर्यंत गौरी हातांवर वजन घेणार नाही. हँडस्टँड नाही, कार्टव्हील नाही, बार नाही. बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

कारण सांगते. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो. हाड लांबीला वाढतं ते तिथूनच. तो थर हाडाइतका टणक नसतो. आपल्या घरातली मुलं दिवसभर पायांवर चालतात, जिम्नॅस्टिक्सची मुलं दिवसातले कित्येक तास हातांवरही चालतात, उड्या मारतात, अंगाचा सगळा भार मनगटावर घेतात. तोच मार रोज बसत राहिला की अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचा तो थर दुखावतो. सुरुवातीला फक्त हात टेकला की दुखतं, घरी आल्यावर काही नसतं, म्हणून मोठ्यांना वाटतं की पोरगी बहाणे करते. पुढे मग पाण्याची बादली उचलतानाही दुखायला लागतं. वेळेवर विश्रांती मिळाली तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. क्रेप बँडेज गुंडाळून, मलम चोळून, गोळी देऊन सराव चालू ठेवला तर मात्र त्या हाडाची वाढच खुंटू शकते, आणि ते नंतर भरून निघत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं ‘हात दुखतो’ म्हणू नका. घाईच्या ओपीडीत तेवढ्यावर गोळ्या लिहून मिळतील. सांगा की पोरगी जिम्नॅस्टिक्स करते, आठवड्याचे १५ तास, हातांवर उभी राहते आणि दिवाळीपासून दुखतंय. एक्स-रे काढा म्हणा. कधी कधी दोन्ही मनगटांचा काढून ताडून बघतात. पहिला एक्स-रे साफ आला तरी दुखणं खोटं ठरत नाही, सुरुवातीला त्यात दिसतंच असं नाही. दुखणं राहिलं तर दोन-तीन आठवड्यांनी परत दाखवा. जिल्हा सामान्य रुग्णालयात हाडांचा विभाग असतो. तिथे समाधान झालं नाही तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरचं मेडिकल आहे. एक दिवस मोडेल, मोडू द्या. आणि डॉक्टर जे सांगतील ते कागदावर लिहून घ्या: किती आठवडे हातावर भार नको, काय चालेल. सरांशी वाद घालायची वेळ आली की तोंडी सांगितलेलं टिकत नाही, शिक्क्याचा कागद टिकतो.

जाल तेव्हाच विचारा की पाठीची कमान करताना कंबर दुखते का, उडी मारून उतरल्यावर टाच किंवा गुडघ्याखाली दुखतं का. मुलं आपणहून एकच दुखणं सांगतात. बाकीची लपवतात, कारण एक सांगितल्यावर काय झालं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आता भाकरीचं. रात्रीची भाकर बंद करायची नाही, ताई. हे मी जितक्या ठासून सांगता येईल तितकं सांगते. अकराव्या-बाराव्या वर्षी मुलीचं वजन वाढतं कारण ती वाढते आहे. उंची वाढते, हाडं भरतात, पाळी येण्याची तयारी शरीर करत असतं. अडीच तास घाम गाळून, तासभर एसटीत उभी राहून आलेल्या पोरीला उपाशी झोपवलं तर शरीर आधी वाढ थांबवतं. पाळी लांबते, हाडं कच्ची राहतात, रक्त कमी होतं, आणि दुखापती वाढतात. म्हणजे खेळासाठी म्हणून जे करायचं त्यानं खेळच जातो. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींच्या अंगात रक्त मुळातच कमी असतं, दवाखान्यात गेलात की हिमोग्लोबिनही तपासून घ्या. पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत पाळी आली नाही, किंवा सुरू होऊन मध्येच तीन महिने बंद राहिली, तर ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, डॉक्टरांकडे न्या.

खायला वेगळं काही आणायची गरज नाही. तुमच्या घरात आहे तेच भरपूर द्या. सराव सुरू होण्याआधी एक केळं किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ. परतीच्या एसटीत डबा हवाच, आठ वाजेपर्यंत पोट रिकामं ठेवू नका: उकडलेलं अंडं, नाहीतर जवसाच्या चटणीशी पोळी. रात्री ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, भाजी, दही. खात असाल तर आठवड्यातून दोनदा मासळी-मटण. मार्चनंतर आपल्याकडे पारा ४५ कडे जायला लागतो आणि बहुतेक हॉल पत्र्याचे असतात. तेव्हा मोठी बाटली पाणी आणि वेगळ्या बाटलीत लिंबू-मीठ-साखर. मध्ये पाणी प्यायला थांबू देत नाहीत असं गौरी म्हणाली, तर ते मला मनगटाइतकंच गंभीर वाटेल.

आणि ते सोमवारचं वजन. सरांना एकटं गाठून सांगा, ‘सर, वजनाचं काही असलं तर मला सांगत जा. पोरीला सांगू नका, आणि सगळ्यांसमोर काटा नको.’ हे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. खेड्यातून आलेल्या आईला वाटतं, सरांना खेळातलं कळतं, आपण काय बोलणार. बॅक वॉकओव्हर कशी शिकवायची हे सरांचं. पोरीनं जेवायचं की नाही, हे तुमचं.

बीमवरून ती उतरून येते, त्याचं. शालेय स्पर्धांना पंच म्हणून बसताना मी हे खूपदा बघितलं आहे. मुलगी बीमवर चढते, दोन पावलं टाकते, पायाची बोटं लाकूड पकडल्यासारखी आवळते, हात कानाला लावून वर नेते. छाती वर येते, आणि तिथेच अडकते. डोळे समोरच्या भिंतीवर. मग हात हळूच खाली. त्या वेळी तिचा चेहरा बघितला तर कुणी तिला नाटकी म्हणणार नाही. बीमची रुंदी १० सेंटिमीटर, उंची सव्वा मीटर. त्यावर मागे न बघता, डोकं खाली करून, दोन हात बरोबर त्या दहा सेंटिमीटरवर टेकवायचे. एवढं अवघड काम शरीर विचार न करता करतं तोवर जमतं. एकदा विचार मध्ये आला की आधी शेकडो वेळा केलेलं कौशल्यही हातून जातं. उंची भराभर वाढत असताना हे जास्त होतं, कारण हातपाय लांब होतात आणि तोल बदलतो, पण डोक्यातला हिशोब जुनाच असतो. गौरीच्या बाबतीत तर मनगटही दुखतं आहे. मागे वाकून ज्या हातावर पडायचं तो हात धरेल की नाही याचा भरवसा नसताना तिचं शरीर नको म्हणतंय, तर ते शहाणं आहे.

जगातली सगळ्यात मोठी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचं २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये असंच झालं. हवेत फिरताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेना. ती सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली आणि पुढच्या बहुतेक फेऱ्याही तिनं सोडल्या. तेव्हा तिलाही लोक नाटकी म्हणाले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं तीन सुवर्णपदकं घेतली. गौरीच्या बाबांना हे सांगा. थांबलं की संपलं असं नसतं.

यावर उपाय असतो, आणि चांगले कोच तो जाणतात. बीम सोडून जमिनीवर आखलेल्या पट्टीवर यायचं. मग जमिनीलगतच्या बुटक्या बीमवर, मग उंच बीमखाली मॅट रचून, हाताचा आधार देऊन. मुलगी ‘हो’ म्हणेल तेव्हाच पुढची पायरी. कधी महिना लागतो, कधी सहा. ओरडून, शिक्षा देऊन, ‘झाल्याशिवाय घरी जायचं नाही’ म्हणून तिथेच उभं ठेवून कौशल्य परत येत नाही, भीती मात्र पक्की होते. पण हे सगळं मनगट बरं झाल्यावर. तोवर ती पायांचे व्यायाम, पोटाचे व्यायाम, बीमवर नुसतं चालणं-वळणं, फ्लोअरच्या नाचाचा भाग करू शकते, डॉक्टरांनी परवानगी दिली तर.

सरांच्या बंद दाराविषयी आणि जूनमधल्या खोलीविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. मी तुमच्या सरांना ओळखत नाही आणि त्यांच्यावर आरोप करत नाही. आपल्या भागात जिम्नॅस्टिक्स शिकवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली बरीच स्वतःच्या खिशातून गाद्या शिवून घेणारी. ‘रात्रीची भाकर बंद’ हेही त्यांना त्यांच्या कोचनं सांगितलेलं असेल. पण माणूस चांगला आहे म्हणून दार बंद चालेल, असं होत नाही. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरानं वर्षानुवर्षं शेकडो मुलींवर अत्याचार केले, २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली. राष्ट्रीय शिबिर जिथे भरायचं तिथे आई-बापांना प्रवेशच नव्हता. ब्रिटनमध्ये २०२२ साली तिथल्या जिम्नॅस्टिक्सवर वकील ॲन व्हाइट यांचा चौकशी अहवाल आला. त्यात पानोपानी तेच आहे जे तुमच्या पत्रात आहे: वजनावरून अपमान, दुखत असताना सराव, ‘नाटक करते’. श्रीमंत देश, मोठमोठे हॉल, तरी हे घडलं, कारण मुलं सांगत होती आणि मोठ्यांना वाटत होतं की खेळात असं चालतंच.

म्हणून, तुम्ही आत बसा. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, गप्प. मध्ये बोलायचं नाही, पोरीला खुणा करायच्या नाहीत, ही अट तुम्ही पाळा. लक्ष विचलित होण्याचा मुद्दा तेवढ्यानं मिटतो. रोज शक्य नसेल तर न सांगता अधूनमधून. सगळ्या पालकांनी मिळून सांगितलं तर अजून सोपं जाईल. पायरीवर तुमच्या शेजारी बसणाऱ्या बाकीच्या आयांशी बोला, त्यांच्याही मनात हेच असणार. तरीही सर आत घेतच नसतील, तर तो क्लास बंद करायला माझ्या दृष्टीनं तेवढं कारण पुरेसं आहे.

गौरीशीही बोला. जिम्नॅस्टिक्समध्ये कोचला मुलांना हात लावावाच लागतो. मुलगी अंग उलटं फिरवताना कंबरेला, पाठीला, मांडीला आधार देतात, नाहीतर मान मोडेल. हा आधार सगळ्यांसमोर असतो, कौशल्य करतानाच असतो, आणि झाल्याबरोबर हात निघतो. यापलीकडे कुणीही हात लावला, एकटीला थांबवून घेतलं, मोबाइलवर मेसेज पाठवले, ‘घरी सांगू नको’ म्हटलं, तर तिनं त्याच रात्री तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवायचा. १०९८ हा मुलांचा मदतीचा नंबर तिला तोंडपाठ असू द्या. तिच्या धाकट्या भावालाही.

खोलीला माझं उत्तर ‘नाही’ आहे. जूनलाही नाही, पुढच्या जूनलाही नाही. एका पुरुष कोचनं स्वतः घेतलेल्या खोलीत चार-पाच लहान मुली, घरचं कुणी मोठं बाईमाणूस नाही, कुणाची देखरेख नाही, हे कुठल्याही पदकासाठी करू नये. पुढे कधी तिनं घर सोडून खेळायचं ठरवलंच, तर सरकारच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. निवड चाचणी होते, राहणं-जेवण-शाळा सरकार बघतं, पुण्याच्या बालेवाडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथेही आधी स्वतः जाऊन बघायचं, महिला वॉर्डन कोण आहेत, मुलगी आजारी पडली तर कोण नेतं, रोज घरी फोन करू देतात का.

‘नाहीतर वाया जाईल’ हे जे तुम्हाला सांगितलं, त्यावर विसंबू नका. मुलींना वरिष्ठ गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला ज्या वर्षी वयाची सोळा वर्षं पूर्ण होतात ते वर्ष यावं लागतं. १९९७ पासून हा नियम आहे, आणि तो लहान मुलींची शरीरं वाचवण्यासाठीच आला. गौरीला पाच वर्षं आहेत. त्रिपुराची दीपा कर्माकर आठवते ना? तळपाय सपाट, म्हणजे जिम्नॅस्टला नको तसे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून घेतात ती झेप) चौथी आली, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. तेव्हा ती २३ वर्षांची होती. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि २०२४ मध्ये तिशीत ती आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली.

खेळाच्या डॉक्टरांचा मुलांसाठी एक ढोबळ नियम आहे: मूल जितक्या वर्षांचं, आठवड्याला एका खेळाचा सराव तितक्या तासांच्या वर नको, आणि आठवड्यातून निदान एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. जिम्नॅस्टिक्समध्ये तो सर्रास मोडला जातो, मला माहीत आहे. पण गौरी आत्ताच ११ च्या जागी १५ तास करते आहे. सकाळ-संध्याकाळ केलं की ते दुप्पट होतील. तेही सोबत फिजिओ नसताना आणि भाकर बंद असताना.

आता तिच्या बाबांकडे येते. गौरीनं रात्री विचारलेल्या प्रश्नात मनगट नाही, बीम नाही, सर नाहीत. बाबा आहेत. म्हणजे खेळ आवडतो की नाही हे ती शोधतच नाहीये, तो विचार करायला तिला जागाच उरलेली नाही. बकऱ्या विकल्या हे तिला माहीत आहे. काकांचे पैसे द्यायचे आहेत हेही. बॅनरवर स्वतःचा फोटो तिनं पाहिला आहे. अकरा वर्षांच्या पोरीला वाटतंय की घराचं देणं तिच्या अंगावर आहे आणि ते तिनं बीमवर फेडायचं आहे. आपल्या शेतकरी घरांतल्या मुलांना कर्ज फार लवकर कळतं, ताई. त्यांनी दारात आलेली माणसं पाहिलेली असतात.

स्पर्धेत मी एक गोष्ट नेहमी बघते. बीमवरून पडलेली मुलगी उठताना आधी कोचकडे बघत नाही. पालक बसलेले असतात तिकडे बघते. तिथे बाप कपाळाला हात लावून बसलेला दिसला की पुढची सगळी रुटीन गेली. बाप दोन्ही हातांनी टाळ्या वाजवताना दिसला की ती परत चढते, आणि बहुतेक वेळा नीट करते. बापाच्या चेहऱ्यात एवढी ताकद असते. गौरीच्या बाबांमध्ये ती आहे, म्हणूनच ती त्यांच्याबद्दल विचारते.

त्यांना वाईट माणूस समजून बोलू नका. पोरीच्या खेळासाठी गोठ्यातली बकरी विकणारा बाप हा पोरीवर जीव लावणारा बाप आहे. ‘आता काहून मांगं फिरायचं’ म्हणतात ते हट्टानं नाही, केलेलं मातीत जाईल या भीतीनं. जेवणं झाल्यावर, पोरं झोपल्यावर, शांतपणे बसा. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत त्यांना सांगा, आणि लगेच काही जोडू नका. त्यांना थोडा वेळ द्या. मग सांगा की गेलेला पैसा गौरीनं फेडायचा नाही. तिच्या अंगात जे आलं ते राहणार आहे: तोल, ताकद, पडून उठणं, परक्या गावात जाऊन पाचशे लोकांसमोर उभं राहणं. कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे समजतं: पऱ्हाटीला पातीही लागली नसताना कुणी बोंडांचा भाव करत नाही. सर्टिफिकेटांचं ते म्हणतील, दहावीला क्रीडा गुण मिळतात, नोकरीत ५ टक्के खेळाडूंचं आरक्षण आहे. खरं आहे. पण त्याला पातळीच्या अटी असतात, आणि सहावीतल्या पोरीच्या दुखऱ्या मनगटावर आजच नोकरी मांडू नका.

मग बाबांनी स्वतः तिला सांगायचं. तुमच्याकडून निरोप नको. ‘बेटा, तू खेळलीस तरी मी खुश, सोडलंस तरी मी खुश. पैशाचं माझं मी बघतो.’ वऱ्हाडीत सांगू द्या, बाप बोलतो त्याच बोलीत. एकदा सांगून तिला पटणार नाही. ती बघेल, पुढच्या वेळी क्लास बुडाला तर बाबांचा चेहरा कसा होतो. पाहुणे आले की ‘आमची चॅम्पियन’ म्हणून कार्टव्हील करायला लावतात का. तो बॅनर अजून कुठे लावून ठेवला असेल तर काढून घडी करून कपाटात ठेवा.

हे झाल्याशिवाय तिला ‘तुला काय पाहिजे’ विचारण्यात अर्थ नाही. सोडायची मोकळीक नसलेल्या पोरीचा ‘हो’ कुणी खरा धरू नये. मनगट बरं होईपर्यंतचे काही आठवडे, कदाचित काही महिने, तिला आयतेच मिळणार आहेत. त्या काळात बघा. आंगणात आपणहून स्प्लिट मारते का, मैत्रिणींना शिकवते का, क्लासची वेळ झाली की रेंगाळते की सुटल्यासारखी खेळायला पळते. विचारायचं ते नंतर, एखाद्या साध्या दिवशी. स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही, रडून आल्यावर नाही. ती परत जायचं म्हणाली तर सरांना आधीच सांगा: आठवड्याला चार दिवस, वजनकाटा नाही, दुखलं की थांबायचं, मी आत बसणार. हे त्यांनी मान्य केलं तर आनंदानं पाठवा. नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघू, किंवा दुसरा खेळ.

दुसऱ्या खेळाचं मी तोंडदेखलं म्हणत नाही. विदर्भात मल्लखांब आहे. १९१४ साली सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. आता मल्लखांब खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये आहे आणि मुली दोरीवरही करतात, पुरलेल्या खांबावरही. मनगट पूर्ण बरं झाल्यावरच, पण जिम्नॅस्टिक्स केलेल्या पोरीला तो लवकर येतो. योगासनांच्या स्पर्धा आहेत. किंवा काहीच नको, नुसती कबड्डी आणि शाळा, तेही चांगलंच.

सासूबाईंना दोन गोष्टी सांगा. आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्ण पाय झाकणारा कॉस्च्युम चालतो. टोकियोत जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतचे कपडे घालून खेळल्या. गौरीला तसा हवा असेल तर स्पर्धेआधी आयोजकांना विचारून शिवून घ्या. पण ठरवायचं तिनं, तिला कशात मोकळं वाटतं त्यावर. आणि पाळीबद्दल आजीनंच नातीशी बोलावं असं त्यांना सुचवा. मोठी होऊन राहिली याची काळजी त्यांना आहे, तर त्या काळजीला एक काम द्या.

धाकट्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत. सराव बंद असेल त्या संध्याकाळी त्याच्यासाठी ठेवा. त्याला काय आवडतं ते मला पुढच्या पत्रात लिहा, आणि एक्स-रेमध्ये काय निघालं तेही.